तिजोरी न फोडता

तिजोरीची किल्ली हरवली, नंबर आठवेना किंवा कुलूपच अडकले, तर ती उघडण्याचे दोन रस्ते असतात. गॅस कटर लावून दार कापता येते. त्यात तिजोरी भंगारात जाते आणि आतले दस्तऐवज, नोटा करपण्याची भीती असते. दुसरा रस्ता कुलूपतज्ज्ञाचा. कुलूप आतून कसे बांधले आहे हे ओळखायचे, शक्यतो एकही भोक न पाडता दार उघडायचे, बिघडलेला भाग बदलायचा आणि तिजोरी पहिल्याइतकीच भरवशाची करून मालकाच्या हवाली करायची, असे हे काम आहे. अमेरिकेत आणि युरोपात घराची किंवा गाडीची कुलपे उघडणारा कारागीर वेगळा आणि तिजोरीचा तंत्रज्ञ वेगळा मानतात. अमेरिकेत या तंत्रज्ञांची स्वतंत्र संघटना आहे. कॅलिफोर्निया, टेक्सास अशा काही राज्यांत तर कुलुपांच्या धंद्याला सरकारी परवानाच लागतो.

दारामागची रचना

तिजोरीचे जड दार कुलूप धरून ठेवत नाही. ते धरतात दाराच्या कडेतून चौकटीत घुसणारे जाड पोलादी अडसर. हँडल फिरवले की हे अडसर आत ओढले जातात. कुलूप म्हणजे तळहातावर मावेल एवढी एक डबी. तिचा छोटा खटका अडसरांच्या यंत्रणेत आडवा येतो आणि हँडल फिरू देत नाही. खटका बाजूला झाला की टनभर वजनाचे दारही एका हाताने उघडते. तज्ज्ञाचे सगळे लक्ष म्हणूनच या डबीवर असते.

चोराचे लक्षही तिथेच असते, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक असते. डबीच्या पुढे अतिकठीण पोलादाची पट्टी बसवलेली असते. तिच्यावर साधे ड्रिल घसरते किंवा बोथट होते. डायलचा दांडा ठोकून आत घालवला, की दारातला एक जादा खटका स्प्रिंगच्या जोरावर सुटतो आणि अडसर कायमचे अडकवतो. भारी तिजोऱ्यांत काचेची पट्टीही असते. तिला तारा बांधून असे अनेक खटके ताणून धरलेले असतात. ड्रिलने काच फुटली की सगळे एकदम सुटतात. आडदांडपणे हात घातला, तर तासाभराचे काम दोन दिवसांचे होते ते या व्यवस्थेमुळे.

अभेद्य तिजोरी कोणीच बनवत नाही. तिची ताकद वेळात मोजतात. अमेरिकेतल्या यूएल या चाचणी संस्थेची ‘टीएल-१५’ आणि ‘टीएल-३०’ ही मानांकने मिनिटांची आहेत. तिजोरीचे नकाशे हाताशी असलेल्या जाणकारांनी हत्यारे आणि विजेची अवजारे वापरून दारावर हल्ला चढवला, तर प्रत्यक्ष कामाची किती मिनिटे ती टिकली पाहिजे, हे तो आकडा सांगतो. तिजोरी मालकाला वेळ मिळवून देते. तज्ज्ञ आपल्या ज्ञानाने तो वेळ कमी करतो.

आधी निदान

तज्ज्ञ आल्याबरोबर हत्यारांची पेटी उघडत नाही. तिजोरी शेवटची कधी उघडली, कोणी उघडली, नंबर अलीकडे बदलला होता का, हँडल गेले काही दिवस जड लागत होते का, हे तो आधी विचारतो. कारण कित्येकदा कुलपात दोष नसतोच.

नंबरचे कुलूप फिरवण्याची रीत ठरलेली असते. तीन चकत्यांच्या कुलपात साधारणपणे पहिला आकडा डावीकडे फिरवत चौथ्यांदा खुणेवर आणायचा, दुसरा उजवीकडे तिसऱ्यांदा, तिसरा डावीकडे दुसऱ्यांदा आणि मग डायल थांबेपर्यंत उजवीकडे न्यायचा. आकडा किंचित पुढे गेला म्हणून डायल मागे घेतला, की सगळी जुळणी मोडते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बऱ्याच डायलांच्या कड्यावर दोन खुणा असतात, एक उघडण्याची आणि एक नंबर बदलण्याची. चुकीच्या खुणेवर आकडे लावत मालक दिवसभर घाम गाळत बसतो आणि ‘कुलूप बिघडले’ म्हणून फोन करतो.

दुसरे नेहमीचे कारण दाबाचे. तिजोरीत वह्या, फायली आणि डबे कोंबले, की ते दाराला आतून रेटतात. अडसर चौकटीत घट्ट रुततात आणि बरोबर नंबर लावूनही हँडल हलत नाही. अशा वेळी दार बाहेरून दाबून धरत हँडल फिरवले तर ते मोकळे होते. तिजोरीखालची फरशी एका बाजूने खचली किंवा बिजागरी झिजून दार खाली आले, तरी हाच अनुभव येतो. आगरोधक तिजोरीच्या भिंतींत ओलावा धरून ठेवणारा मसाला भरलेला असतो. आगीत त्याची वाफ होऊन आतली उष्णता रोखली जाते. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या अशा तिजोरीत तोच ओलावा आतल्या लोखंडाला गंज चढवतो. कोकणासारख्या दमट हवेत गंजाची काळजी आणखीच घ्यावी लागते.

किल्लीचे कुलूप

भारतातल्या पेढ्या, दुकाने आणि घरे यांतल्या बहुतेक जुन्या तिजोऱ्या किल्लीच्या. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागेत कुलपांचा कारखाना काढला, पुढे त्याच घरातून तिजोऱ्या आणि पोलादी कपाटेही बाहेर पडली आणि ‘गोदरेजचे कपाट’ हा मराठी घरातला रोजचा शब्द झाला.

तिजोरीच्या किल्लीला बहुधा दोन्ही बाजूंना दाते असतात आणि कुलपात पितळी लिव्हर एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक लिव्हरला एक खाच असते. किल्लीच्या दात्यांनी सगळे लिव्हर नेमक्या उंचीवर उचलले, की खाचा एका रेषेत येतात आणि खटक्यावरचा खुंट त्यांतून पार होतो. एक जरी लिव्हर केसभर वर किंवा खाली राहिला, तरी खुंट अडतो. रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने १७७८ मध्ये ही कल्पना पक्की केली. १८१७ मध्ये पोर्टस्मथच्या सरकारी गोदीत चोरी झाली आणि ब्रिटिश सरकारने न उघडणाऱ्या कुलपासाठी बक्षीस लावले. ते जेरेमाया चब यांच्या १८१८ च्या ‘डिटेक्टर’ कुलपाने मिळवले. परक्या हत्याराने एखादा लिव्हर गरजेपेक्षा जास्त उचलला, की हे कुलूप स्वतःलाच अडकवून घेई आणि मालकाने किल्ली घातल्यावर कोणीतरी हात लावल्याचे त्याला कळे. तुरुंगाच्या जहाजावरच्या एका कुलूप-कारागीर कैद्याला ते उघडल्यास सुटका आणि १०० पौंड देऊ केले होते. महिने घालवून त्याने हार मानली.

हा दबदबा १८५१ पर्यंत टिकला. लंडनच्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने चबचे डिटेक्टर कुलूप साक्षीदारांसमोर सुमारे २५ मिनिटांत उघडले. मग तो जोसेफ ब्रामा यांच्या कुलपाकडे वळला. पिकाडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत हे कुलूप २०० गिनींच्या आव्हानासह कित्येक दशके टांगलेले होते. १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून हॉब्जने तेही उघडले. त्याची रीत आजही पायाभूत मानतात. खटक्यावर हलका दाब ठेवायचा, त्या दाबाने आतला कोणता भाग आधी आवळतो हे बोटाला ओळखू द्यायचे, तो मोकळा करायचा आणि पुढच्याकडे जायचे. घडवताना दोन भाग तंतोतंत सारखे कधीच होत नाहीत. त्या सूक्ष्म फरकामुळे सगळे लिव्हर एकाच वेळी न अडकता एकामागून एक अडकतात.

हॉब्जमुळे इंग्लंडात वाद पेटला. कुलपांचे दोष असे चव्हाट्यावर आणले तर चोरांचे फावेल, असे काहींचे म्हणणे पडले. दोष चोरांना आधीच ठाऊक असतात, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा, असे उत्तर मिळाले. पुढे कुलूपकार आपली रचना सुधारत गेले ते या दुसऱ्या मतामुळे. धंद्यात आज दोन्ही गोष्टी पाळतात. तत्त्वे पुस्तकांत छापली जातात, पण विशिष्ट मॉडेलांचे नकाशे आणि मापे फक्त ओळख पटलेल्या तंत्रज्ञांनाच मिळतात.

किल्लीच्या तिजोरीवर पहिला उपाय मात्र साधा असतो: दुसरी किल्ली शोधणे. बँका तिजोरीच्या दुय्यम किल्ल्यांचा जोड दुसऱ्या शाखेत ठेवतात, तो याचसाठी. किल्ली मोडून तुकडा आत राहिला असेल, तर तो बारीक आकड्याने ओढून काढतात आणि दोन तुकडे जुळवून नवी किल्ली कानशीने घासून बनवतात.

नंबरचे कुलूप: बोटांनी वाचलेला आलेख

या विद्येचा खरा कस नंबरच्या कुलपावर लागतो. डायलवर १०० रेघा आणि आत तीन चकत्या. कागदावर १०० × १०० × १००, म्हणजे १० लाख जुळण्या होतात. एका जुळणीला २० सेकंद धरले, तर अखंड फिरवूनही सगळ्या तपासायला २३० हून अधिक दिवस लागतील. तज्ज्ञ हा हिशेब करतच नाही.

प्रत्येक चकतीच्या कडेला एक खाच असते. चकत्यांच्या वर एक पट्टी तरंगत असते आणि तिला जोडलेल्या लिव्हरचे नाक डायलबरोबर फिरणाऱ्या कॅमवर टेकते. कॅममध्येही वर रुंद, खाली निमुळती अशी खाच आहे. तिन्ही चकत्यांच्या खाचा पट्टीखाली आल्या, की पट्टी त्यांत पडते, नाक कॅमच्या खाचेत पूर्ण उतरते आणि डायल फिरवला की खटका मागे ओढला जातो. जुळणी चुकली असेल तर नाक थोडेसेच उतरते, कारण पट्टी चकत्यांच्या कडेला टेकून अडते.

हे थोडेसे उतरणे मोजता येते. डायल हलकेच डावी-उजवीकडे नेला, की नाक कॅमच्या खाचेच्या दोन्ही भिंतींना लागते आणि बोटांना दोन बारीक अटकाव जाणवतात. ते डायलच्या कोणत्या रेघेवर लागले हे तज्ज्ञ रेघेच्या आठव्या भागापर्यंत वाचतो. नाक जितके खोल, तितके हे दोन बिंदू जवळ. चकत्या काटेकोरपणे सारख्या नसल्याने पट्टी नेहमी सर्वांत उंच चकतीवर टेकते. त्या चकतीची खाच पट्टीखाली आली, तर पट्टी केसभर खाली जाते आणि दोन बिंदूंमधले अंतर किंचित घटते.

तज्ज्ञ तिन्ही चकत्या शून्यावर आणून पहिले अंतर टिपतो. मग त्या अडीच रेघा पुढे नेतो आणि पुन्हा टिपतो. पूर्ण फेरीत अशा ४० नोंदी होतात. त्या आलेखाच्या कागदावर मांडल्या, की बहुतेक ठिकाणी जवळजवळ सपाट जाणारी रेषा एखाद्या जागी खाली वाकलेली दिसते. तिथे एका चकतीची खाच आहे. ती कोणत्या चकतीची, हे एकेक चकती तिथून हलवून तपासतात. एक आकडा हाती लागला, की तो कायम ठेवून उरलेल्या दोन चकत्यांवर तोच प्रयोग करतात. हे काम कधी अर्ध्या तासात आटोपते, कधी सगळा दिवस खाते. चित्रपटातला चोर डायलला कान लावून ‘टक्’ असा आवाज ऐकतो. खऱ्या कामात कानापेक्षा बोट, डोळा आणि पेन्सिल जास्त उपयोगी पडतात.

कुलूपकारांनीही यावर तोड काढली. चकत्यांच्या कडेला फसव्या उथळ खाचा पाडल्या. काही कुलपांत डायलच्या मधली छोटी चावी फिरवल्याशिवाय पट्टी चकत्यांना टेकतच नाही, त्यामुळे बोटाला काही कळत नाही. यूएलच्या वर्गवारीत ‘ग्रुप २एम’चे कुलूप अशा वाचनाला २ तास, तर ‘ग्रुप १’चे २० तास दाद देता कामा नये. सामान्य ‘ग्रुप २’च्या कुलपावर अशी अट नाही.

मालकाची सवय हाही तज्ज्ञाच्या हातातला दुवा असतो. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामोसच्या अणुबाँब प्रकल्पावर असताना गुप्त कागदपत्रांची कपाटे उघडण्याच्या नादी लागले होते. तिथली कुलपे आकडा एक-दोन रेघांनी चुकला तरी उघडतात, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे प्रत्येक चकतीवर दर पाचवा आकडा तपासला की पुरे. १० लाखांच्या ८,००० जुळण्या झाल्या. पुढे खण उघडा असताना शेवटचे दोन आकडे काढून घेण्याची युक्ती त्यांना सापडली. मग २० प्रयत्नांत काम भागे. युद्धानंतर तिथल्याच एका कारागिराने एका अधिकाऱ्याची मोठी तिजोरी भोक न पाडता उघडली. फाइनमन यांनी त्याच्याशी ओळख वाढवून गुपित विचारले. कारखान्यातून कुलूप येते तेव्हा जो नंबर लावलेला असतो तोच आपण फिरवून पाहिला, असे त्याने सांगितले. अधिकाऱ्याने तो कधी बदललाच नव्हता.

इलेक्ट्रॉनिक कुलूप आणि यंत्रमानव

बटणांच्या कुलपात दाराबाहेर कीपॅड असतो आणि आत मोटर किंवा सोलेनॉइडवर चालणारा खटका. ते बंद पडण्याचे सर्वांत साधे कारण बॅटरी. बऱ्याच मॉडेलांत बॅटरीची जागा कीपॅडमध्येच, दाराच्या बाहेर असते. नवी बॅटरी घातली की काम होते. चुकीचा आकडा लागोपाठ काही वेळा दाबला, की कुलूप ठरावीक मिनिटे प्रतिसादच देत नाही. घाबरून बटणे दाबत राहिल्यास ही शिक्षा लांबत जाते. कीपॅडची वायर तुटलेली असल्यास तात्पुरता दुसरा कीपॅड जोडून मालकाचाच आकडा दाबता येतो.

नंबरच्या यांत्रिक कुलपासाठी स्वयंचलित डायलर मिळतो. डायलवर बसवलेली मोटर एकामागून एक जुळण्या फिरवत राहते आणि कुलूप उघडले की थांबते. २०१७ मध्ये लास व्हेगासच्या डेफ कॉन परिषदेत स्पार्कफन कंपनीच्या नेथन सीडल यांच्या चमूने सुमारे २०० डॉलरच्या सुट्या भागांतून बनवलेल्या यंत्राने एक घरगुती तिजोरी मंचावरच साधारण अर्ध्या तासात उघडली.

बँकांच्या मोठ्या दारांवर वेळेचे कुलूपही असते. रात्री घरी जाऊन बँकेच्या माणसाला धमकावायचे आणि त्याच्याकडून तिजोरी उघडून घ्यायची, या दरोड्यांवर उपाय म्हणून जेम्स सार्जंट यांनी १८७३ मध्ये ते व्यवहारात आणले. आतल्या घड्याळाला दिलेले तास संपेपर्यंत बरोबर नंबरही चालत नाही. एक घड्याळ बंद पडले तर दार कायमचे अडकू नये म्हणून एकाच कुलपात दोन-तीन घड्याळे बसवतात. कोणी चुकून जास्त तासांची चावी दिली, तर तज्ज्ञाचा सल्ला बहुधा एकच असतो: थांबा.

भोक पाडावे लागले तर

आतला भागच तुटला असेल, तर ड्रिलशिवाय इलाज नसतो. इथेही घाई चालत नाही. कुलपाचे मॉडेल ओळखून भोकाची जागा आणि कोन आधी ठरवतात. कठीण पट्टीतून जाण्यासाठी कार्बाइड किंवा हिऱ्याच्या टोकाचे ड्रिल वापरतात. काही मिलिमीटरच्या भोकातून दिवा असलेली बारीक दुर्बीण आत घालतात आणि चकत्यांच्या खाचा डोळ्यांनी पाहत डायल फिरवून त्या जुळवतात. कुलूप पुन्हा आपल्याच रीतीने उघडते. भोक फक्त पाहण्यापुरते.

दार उघडल्यावर ते भोक कठीण पोलादाची मेख ठोकून, वेल्डिंग करून बुजवतात, घासून सपाट करतात आणि रंग देतात. कठीण पट्टी आणि सुटलेला खटका बदलतात. अमेरिकी सरकारच्या गुप्त कागदपत्रांच्या कपाटांसाठी तर अशी दुरुस्ती कशी व्हावी याचे ‘फेडरल स्टँडर्ड ८०९’ हे मानकच आहे. त्याप्रमाणे दुरुस्ती झाली नाही, तर कपाटाची मान्यता जाते.

कायदा, साक्षीदार आणि सोपवणी

तिजोरी उघडण्याआधी ती कोणाची आहे हे तपासणे तंत्राइतकेच महत्त्वाचे आहे. ओळखपत्र, मालकीचा पुरावा, वारसांच्या वादात न्यायालयाचा आदेश आणि पोलिस कारवाई असल्यास पंचनामा, यांशिवाय जबाबदार तंत्रज्ञ काम घेत नाही. प्राप्तिकराच्या झडतीत किल्ली मिळाली नाही, तर लॉकर किंवा तिजोरीचे कुलूप तोडण्याचा अधिकार १९६१ च्या कायद्याच्या कलम १३२ ने अधिकाऱ्यांना दिला होता. तिथेही कुलूप तोडण्याआधी किल्लीवाला किंवा तज्ज्ञ मिळाला, तर नुकसान टळते.

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. ग्राहकाच्या किल्लीची प्रत बँकेकडे नसते. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी दिलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार, किल्ली हरवली तर लॉकर ग्राहक आणि बँकेचा अधिकृत अधिकारी यांच्या हजेरीतच उघडायचा. शेजारच्या लॉकरना धक्का लागता कामा नये आणि आतल्या वस्तू ग्राहकाखेरीज कोणाला दिसता कामा नयेत. लागोपाठ तीन वर्षे भाडे थकले म्हणून लॉकर उघडायचा असेल, तर बँकेचा अधिकारी आणि दोन स्वतंत्र साक्षीदार हवेत, शिवाय व्हिडिओ चित्रण हवे. लॉकरच्या कुलपाचा बळी सहसा द्यावा लागतो; दार वाचते आणि त्याला नवे कुलूप बसते.

कुठे कुलूप तोडणेच योग्य ठरते, याचे उदाहरण पुरीच्या जगन्नाथ मंदिराचे. तिथल्या रत्नभांडाराचा आतला कक्ष १४ जुलै २०२४ रोजी कित्येक वर्षांनी उघडला, तेव्हा हाती असलेल्या किल्ल्या लागल्या नाहीत आणि दंडाधिकाऱ्यांसमोर कुलपे कापावी लागली. ती दारावरची सुटी कुलपे होती. नवी लावून कक्ष पुन्हा मोहोरबंद करता आला. पोलादी तिजोरीत कुलूप दाराच्या आत असते, म्हणून तिथे ही सोय नसते.

काम संपताना तज्ज्ञ कुलूप खोलून साफ करतो. साधे तेल तो घालत नाही, कारण ते धूळ पकडून काही वर्षांत चिकट होते. नेमक्या जागी अगदी थोडे ग्रीस पुरते. नवा नंबर मालक स्वतः लावतो, आणि जन्मतारीख किंवा मोबाइलचे शेवटचे आकडे टाळण्याची सूचना तज्ज्ञ त्याला देतो. नंबर बदलल्यावर दार उघडेच ठेवून तो निदान तीन वेळा लावून पाहायचा आणि तिन्ही वेळा खटका सुरळीत मागे गेला तरच दार लावायचे, हा या धंद्यातला पक्का नियम आहे. उघडलेल्या तिजोरीचे मॉडेल, बिघाडाचे कारण, बदललेले भाग आणि हजर असलेल्यांची नावे कामाच्या नोंदीत लिहून मालकाची सही घेतली, की काम पुरे झाले.